‘मंजूर झालंय’ म्हणजे नक्की काय झालंय?

सिंहगड रस्त्याकडच्या एका सोसायटीच्या सचिवांनी तीन प्रश्न एकदम विचारलेत. 2024 च्या विधानसभेआधी एक इच्छुक त्यांच्याकडे आले, ‘तुमचा डीपी रस्ता’, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता, ‘मंजूर झालाय’ म्हणाले आणि एक झेरॉक्स हातात देऊन गेले. रस्ता अजून नाही, मग तो कागद होता तरी काय? निवडणुकीच्या वर्षात सरकार धडाधड निर्णय काढतं, त्यातला कायदा कोणता आणि वारा कोणता, हे ओळखायचं कसं? आणि पुढच्या वेळी सोसायटीचा हॉल एका उमेदवाराला बैठकीसाठी फुकट द्यायचं चाललंय, त्यात काही भानगड होईल का?

मी 1999 पासून निवडणुकांचं काम करते. त्या वर्षी महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकत्र होत्या. नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या ओसरीवर बसून हाताने मतदारांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, तिथून सुरुवात झाली. पुढे बरीच वर्षं एका आमदारांकडे स्वीय सहायक होते, आता उमेदवारांचे खर्चाचे हिशेब बघते. कोणत्या पक्षाच्या, ते विचारू नका. सगळीकडचा चहा पिऊन झालाय.

तुम्ही कागदाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, नाहीतर मी अंदाजाने बोलत बसले असते. तो शासन निर्णय नाही, आदेश नाही आणि मंजुरी तर नाहीच. त्या इच्छुकांनी मंत्र्यांना दिलेलं ते निवेदन आहे. वर कोपऱ्यात तिरक्या अक्षरात शेरा आहे, ‘तपासून सादर करावे’. खाली सही आणि तारीख, ऑक्टोबर 2024 च्या पहिल्या आठवड्यातली. बस, एवढंच.

हा शेरा मी स्वतः शेकड्यांनी आणलाय. मंत्रालयात मंत्री लिफ्टकडे निघालेले असतात, आपण पाठीमागून कागद पुढे करायचा, ते चालता चालता पेन काढतात. शेऱ्यांची एक भाषा असते आणि ती कळायला मलाही दोन-तीन वर्षं गेली. ‘तपासून सादर करावे’ म्हणजे खात्याने बघावं, जमत असेल तर फाईल वर पाठवावी. ‘नियमानुसार उचित कार्यवाही व्हावी’ म्हणजे मी काही सांगितलेलं नाही, नियम काय म्हणतो ते तुम्ही बघा. ‘प्रस्ताव तातडीने सादर करावा’ यात जरा जीव असतो. ‘मान्य’ असं लिहिलेलं असलं तरी खाली खातं, आर्थिक तरतूद, अधिकार कोणाचा हे सगळं उभं राहतंच. शेरा म्हणजे पत्राला मिळालेली पोच. पण गावात, पेठेत, सोसायटीत तो कागद ‘साहेबांनी सही केली’ म्हणून फिरतो, आणि सही केलेली असतेच, त्यामुळे कोणी खोटं बोललं असंही म्हणता येत नाही.

तुमचा रस्ता खरोखर व्हायचा तर कागदांचा जिना असा आहे. निवेदनावरून खात्यात प्रस्ताव तयार होतो. मग अंदाजपत्रक. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे या कामावर एवढे पैसे खर्च करायला हरकत नाही. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे अभियंत्याने आराखडा आणि दर तपासले. मग निविदा. मग कार्यारंभ आदेश. तुमच्या बाबतीत डीपी रस्ता, म्हणजे आधी जागा ताब्यात हवी. ती कोणाची, मोबदला रोख की टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क), यावर पाच-सात वर्षं सहज जातात. आणखी एक पायरी मी मुद्दाम सांगितली नाही, ‘तत्त्वतः मान्यता’. तिला जिन्यात जागाच नाही. तत्त्वतः मान्यता म्हणजे कल्पना आवडली. कोणी ‘मंजूर झालंय’ म्हणालं की फक्त एक विचारायचं: प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक आणि तारीख काय? क्रमांक असेल तर माणूस लगेच सांगतो. नसेल तर तो विषय बदलून पाण्यावर येतो.

आता शासन निर्णय, म्हणजे जीआर. तो कसा वाचायचा हे शाळेत शिकवायला हवं असं माझं मत आहे. सुरुवातीला ‘वाचा’ या मथळ्याखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. मग प्रस्तावना, तिच्यात गोड गोड कारणं. मग प्रत्यक्ष निर्णय. शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ आणि डिजिटल स्वाक्षरी. लोक प्रस्तावना वाचतात आणि थांबतात. मी शेवटच्या पानावरून वाचायला लागते. तिथे दोन गोष्टी शोधायच्या. एक, ‘वित्त विभागाच्या सहमतीने’ असं वाक्य आणि त्यापुढे अनौपचारिक संदर्भ क्रमांक. दोन, लेखाशीर्ष, म्हणजे हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा तो आकडा. या दोन्ही गोष्टी असल्या तर पैशाची वाट निदान आखलेली आहे. ‘खर्च उपलब्ध तरतुदीतून भागवावा’ एवढंच असेल तर समजायचं की घरातल्याच डब्यातून काढायला सांगितलंय, आणि डब्यात काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. जीआर खरा की खोटा हे बघायला त्यावरचा लांबलचक संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकायचा. सापडला नाही तर तो कागद व्हॉट्सॲपवरच जन्मलाय.

पण जीआर खरा असला तरी तो कायदा नव्हे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

2024 चं वर्ष डोळ्यांपुढे आणा. फेब्रुवारीत लोकसभा तोंडावर होती म्हणून राज्याने पूर्ण अर्थसंकल्प न मांडता लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांपुरती खर्चाची परवानगी, घेतलं. पूर्ण अर्थसंकल्प 28 जूनला आला आणि त्याच दिवशी मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा जीआर निघाला: महिना 1500 रुपये, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत. आठवडा व्हायच्या आत जीआर बदलला. वयाची मर्यादा 60 वरून 65 झाली, जमिनीची अट गेली, अर्जाची मुदत वाढली. जुलैच्या अधिवेशनात 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाच्या वरच्या खर्चाच्या मागण्या, आल्या. 17 ऑगस्टला पैसे देण्याचा मोठा कार्यक्रम आपल्याकडेच, बालेवाडीला झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेच्या आधी खात्यात पडले. 15 ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली. 20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला निकाल.

योजना चांगली की वाईट, या वादात मी पडत नाही. मी कागद बघते. ही योजना जीआरवर उभी आहे, तिला स्वतःचा कायदा नाही. दरवर्षी विनियोजन विधेयक मंजूर होतं, त्यातून खर्चाला परवानगी मिळते, आणि कायद्याचा आधार म्हणाल तर तेवढाच. म्हणून आठवड्यात अट सैल करता आली आणि म्हणूनच पुढे 2025 मध्ये ई-केवायसी सक्तीची करून यादी चाळायलाही कोणाला विधानसभेत जावं लागलं नाही. ज्या पेनाने अट काढली, त्याच पेनाने अट घालता येते. प्रचारात एका बाजूने 1500 चे 2100 करू म्हटलं, दुसऱ्या बाजूने 3000 देऊ म्हटलं. ती जाहीरनाम्यातली वाक्यं होती, त्यांना तर जीआरचाही आधार नव्हता.

याच्या शेजारी रोजगार हमी ठेवून बघा. 1972 च्या दुष्काळात ती योजना म्हणून आली, पण 1977 मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला. तिथून पुढे मजूर ‘काम द्या’ असं मागू शकत होता, आणि काम नाही दिलं तर भत्ता मागण्याचा हक्क त्याला होता. सरकारं बदलली, हक्क राहिला. अगदी अलीकडचं उदाहरण म्हणजे 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम. दाखला ठरलेल्या दिवसांत मिळाला नाही तर तुम्ही अपील करता, साहेबांना फोन करत नाही. कायदा आणि जीआर यांतला फरक मी कार्यकर्त्यांना असा सांगते: कायद्यात तुम्ही मागता, जीआरमध्ये तुम्हाला मिळतं. मिळणारं थांबलं तर रुसता येतं, भांडता येत नाही. (वकील मंडळी यावर चार निवाडे दाखवतील. दाखवू द्या, व्यवहारात हेच खरं आहे.)

विधेयक मांडलं म्हणजे कायदा झाला, हाही एक गैरसमज निवडणुकीच्या वर्षात फार असतो. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै 2024 मध्ये अधिवेशन संपता संपता विधानसभेत मांडलं. त्यावर भरपूर बोललं गेलं, बाजूने आणि विरोधात. मंजूर झालं नाही. नोव्हेंबरमध्ये ती विधानसभा संपली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेलं, कारण राज्यघटनेच्या 196 व्या कलमाप्रमाणे विधानसभेत पडून असलेलं विधेयक विधानसभा विसर्जित झाली की व्यपगत होतं. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरला ते नव्याने मांडावं लागलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि जुलै 2025 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. तेव्हा शेवटच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत कोणी विधेयक मांडलं तर ते पटलावर मांडलंय की पाटीवर, असा प्रश्न मी स्वतःला विचारते.

अध्यादेशाचं आयुष्य आणखी वेगळं. अधिवेशन चालू नसेल तेव्हा मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल काढतात. तो लगेच कायद्यासारखा लागू होतो, पण अधिवेशन पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं विधेयक मंजूर झालं नाही तर विरून जातो. आणि मंत्रिमंडळाचा ठराव? 23 सप्टेंबर 2024 ला पुणे विमानतळाला जगद्‍गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव देण्याचा ठराव मंत्रिमंडळाने केला. भावना तुमची-माझी एकच, पण विमानतळाचं नाव ठरवायचा शेवटचा अधिकार केंद्राचा, म्हणजे राज्याचा ठराव ही शिफारस होते. पेढे वाटताना हा फरक कोणी सांगत नाही.

आपल्या शहरातली एक गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण कागद कच्चा असला की काय होतं हे पुणेकरांनी स्वतःच्या बिलावर पाहिलंय.

मिळकतकरातली 40 टक्के सवलत. स्वतःच्या घरात स्वतः राहत असाल तर करयोग्य मूल्यात 40 टक्के सूट, हे पुण्यात 1970 पासून चालत होतं. माझ्या वडिलांच्या बिलात होतं, आपल्याला वाटायचं हे असंच असतं. ते चालत होतं पालिकेच्या मुख्य सभेच्या ठरावावर. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की अशी सूट द्यायला महापालिका अधिनियमात आधार कुठे आहे? 2019 च्या सुमाराला राज्य सरकारने ती बंद केली. नव्या घरांना सवलत लागेना, काही जुन्यांना फरकाच्या रकमा लागून आल्या. तेव्हा माझ्या शेजारच्या आजी बिल घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “अगं, पन्नास वर्षं दिलेलं कोणी परत मागतं का?” त्यांना मी काय सांगणार होते! ठराव होता, कायद्याचा टेकू नव्हता.

मग फेब्रुवारी 2023 मध्ये कसब्याची पोटनिवडणूक लागली. 1995 पासून ती जागा भाजपकडे होती. प्रचारात हा विषय घरोघरी होता. पेठांमध्ये मी स्वतः ऐकलंय, लोक उमेदवाराला आत बोलवायचे, पाणी द्यायचे आणि बिल दाखवायचे. 26 फेब्रुवारीला मतदान झालं, 2 मार्चला निकाल लागला, काँग्रेसचे रवींद्र धंगेकर निवडून आले. मार्च-एप्रिलमध्ये राज्य सरकारने 40 टक्के सवलत पुन्हा लागू करायचा निर्णय घेतला. या दोन्हींचा संबंध तुम्ही जोडा किंवा जोडू नका. मी एवढंच म्हणेन की शहरातला माणूस मत देत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तारखा बघाव्यात.

पण गोष्ट इथे संपली नाही. निर्णय झाला, पेपरात मथळे आले, आणि 2019 पासून ज्यांची सवलत गेली होती त्यांना ती मिळायला पीटी-3 नावाचा अर्ज भरावा लागला, स्वतः राहत असल्याचे पुरावे जोडून. कितीजणांना वाटलं की आपोआप होईल! अर्जाची मुदत वाढवावी लागली. शेजारच्या आजींचा अर्ज मी भरला, सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड लावून. देखभाल-दुरुस्तीची जी वजावट 15 टक्के मिळायची ती मात्र 10 वर आली, ते फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही. सांगायचा मुद्दा असा की निर्णय आणि तुमचं बिल यांच्यामध्ये नेहमी एक अर्ज असतो, आणि तो अर्ज प्रचारपत्रकावर छापलेला नसतो.

तसंच ‘स्थगिती’चं. पालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या गावांमधल्या मिळकतकराच्या वसुलीला 2024 मध्ये स्थगिती मिळाली, तेव्हा फलक लागले ते जणू कर माफ झाल्यासारखे. स्थगिती म्हणजे थांबा. थांबलेली गोष्ट पुन्हा चालू होते, आणि थकबाकी कागदावर तशीच बसलेली असते. 

एक प्रकारचे कायदे असे आहेत की ज्यांचे फलक कोणीच लावत नाही, आणि माझ्या मते निवडणुकीच्या दृष्टीने तेच सगळ्यात वजनदार. निवडणूक कशी घ्यायची याचे कायदे. 2017 ला पुण्यात चार सदस्यांचे प्रभाग होते. 2019 च्या शेवटी नव्या सरकारने एक सदस्यीय केले. 2021 मध्ये तीन सदस्यीय झाले, त्यावर पुण्याची 58 प्रभागांची रचनाही तयार झाली. सरकार बदललं आणि ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा चार. मधल्या काळात ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक. शेवटी मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला, 41 प्रभाग, 165 जागा. जवळजवळ चार वर्षं या शहराला नगरसेवक नव्हता. त्यातच मार्च 2023 मध्ये पुण्याचे खासदार गिरीश बापट गेले. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी असं कायदा म्हणतो. ती झाली नाही, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ‘घ्या’ म्हणून सांगितलं, जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि जून 2024 पर्यंत पुण्याला खासदारही नव्हता. ड्रेनेज तुंबलं तर कोणाकडे जायचं, हे मला लोक फोन करून विचारायचे. प्रभाग तीनचा की चारचा, यावर एकही मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. आणि तुमच्या रस्त्यासाठी कोणाची मान धरायची, हे त्या एका आकड्यावर ठरतं. चारजण असले की प्रत्येकजण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवतो.

आचारसंहितेबद्दल थोडक्यात. निवडणूक जाहीर झाली त्या क्षणापासून ती लागते, म्हणून आदल्या दिवसांत एवढी धावपळ असते. मुंबईच्या पाच नाक्यांवरची हलक्या वाहनांची टोलमाफी 14 ऑक्टोबर 2024 ला मंत्रिमंडळात झाली आणि त्याच मध्यरात्री लागू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी आचारसंहिता. आपल्या मेट्रोचं तर पावसाने नाटक केलं. 26 सप्टेंबरला पंतप्रधान येणार, एसपी कॉलेजच्या मैदानावर मांडव पडलेला, पावसाने चिखल, दौरा रद्द. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मार्ग 29 तारखेला दूरदृश्य प्रणालीने सुरू केला. इतक्या जवळ आल्यावर कोणीही तारीख हातची जाऊ देत नाही.

तुमच्या कामाचा एक नियम मात्र पाठ करून ठेवा. जे काम जागेवर खरोखर चालू झालंय ते आचारसंहितेत चालू राहतं. कार्यारंभ आदेश निघालाय पण फावडं लागलेलं नाही, ते सुरू करता येत नाही. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी अचानक रस्त्याच्या कडेला एक जेसीबी येऊन दोन हात खड्डा काढून जातो. तो खड्डा रस्त्यासाठी नसतो, तारखेसाठी असतो.

आता तुमचा हॉल.

फुकट देऊ नका. विधानसभेला आपल्या राज्यात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 40 लाख आहे. तुम्ही भाडं घेतलं नाही तरी निवडणूक कार्यालय आपल्या दरपत्रकाप्रमाणे हॉलचं, खुर्च्यांचं, स्पीकरचं भाडं उमेदवाराच्या खर्चात धरतं. दरपत्रकात चहा आणि वडापावसुद्धा असतो. त्यांची माणसं व्हिडिओ काढतात, खुर्च्या मोजतात, आणि त्यांची छाया नोंदवही आमच्या नोंदवहीशी पडताळली जाते, प्रचाराच्या काळात तीनदा. त्यांच्याकडे दोनशे खुर्च्या आणि आमच्याकडे शून्य असं निघालं की नोटीस येते. शिवाय उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कोणी त्याच्या प्रचारावर खर्च केला तर तो भारतीय न्याय संहितेच्या 176 व्या कलमाखाली गुन्हा आहे. म्हणजे सचिव म्हणून सही तुमची, आणि खुलासाही तुम्हालाच. रीतसर भाडं लावा, पावती उमेदवाराच्या नावाने फाडा. पैसे त्याच्या निवडणुकीच्या वेगळ्या बँक खात्यातून घ्या, एका माणसाला वा संस्थेला 10,000 च्या वर रोख देता येत नाही. आणि हॉल एकाला दिला तर मागेल त्या दुसऱ्यालाही त्याच भाड्यात द्या, सर्वसाधारण सभेत तसा ठराव करून. गेटवर झेंडा, भिंतीवर रंग याला परवानगी लागते, ती अध्यक्षांनी तोंडी देऊन चालत नाही.

पावतीबद्दल एवढी कडक का, तर एकदा हात पोळलेत. एका निवडणुकीत आमची पाच हजार पत्रकं छापून आली. कागद सुरेख, फोटो सुरेख, आणि खाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ताच नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 127-क कलमाप्रमाणे ते हवंच, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. छापखानेवाला म्हणाला, “ताई, डिझाइनमध्ये बसत नव्हतं.” प्रूफ मी रात्री साडेअकराला पाहिलं होतं आणि उमेदवाराच्या नावातली वेलांटी तपासण्यात ती ओळ निसटली. गठ्ठे न वाटता परत पाठवले, पुन्हा छापले. आणि हिशेबात दोन्ही छपाया दाखवाव्या लागल्या, कारण पहिल्याचंही बिल दिलं होतं. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब सादर करायचा असतो, त्यात ती ओळ अजून आहे, ‘पत्रके, न वापरलेली’.

मग उमेदवार आला की विचारायचं काय? ‘रस्ता करणार का’ हे विचारू नका, त्याला एकच उत्तर असतं. आमदार व्हायला निघालेल्या माणसाला सभागृहाचं काम विचारा. पहिल्या अधिवेशनात या रस्त्यावर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, टाकणार का? लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, लावणार का? कारण मंत्री सभागृहात ‘करू’ म्हणाले की ते आश्वासन ठरतं, आणि विधिमंडळाची आश्वासन समिती नावाची समिती त्याच्या मागे लागते. खात्याला लेखी सांगावं लागतं, काय केलं आणि का केलं नाही. तुमच्या हॉलमध्ये दिलेल्या शब्दाच्या मागे असं कोणी लागत नाही. मी पाहिलेल्या कामांपैकी जी खरोखर रेटून झाली, त्यांतली बरीचशी लक्षवेधीच्या उत्तरातली एखादी ओळ धरून झाली. आमदार फारसा बोलका नसला तरी चालतं. प्रश्न वेळेत टाकणारा पीए हवा. (हे स्वतःबद्दल नाही. बरं, थोडं आहे.)

आणि तुमच्या सभासदांची नावं मतदारयादीत आताच्या पत्त्यावर आहेत का ते बघा. सिंहगड रस्त्याला राहायला येऊन बारा वर्षं झालेली आणि मत अजून शुक्रवार पेठेत असलेली माणसं मला दर निवडणुकीला भेटतात. नमुना 8 भरून पत्ता बदलता येतो, पण उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत काहीच होत नाही. उमेदवाराचा बूथप्रमुख सोसायटीत शिरण्याआधी यादी उघडून तुमची मतं मोजतो. चौऱ्याऐंशी फ्लॅट आणि यादीत एकतीस नावं, असं दिसलं की तुमच्याकडची बैठक संध्याकाळी सातची दुपारी साडेतीनला जाते.

राहता राहिला तुमचा कागद. तो टाकून देऊ नका. फोटोत डाव्या बाजूला जांभळा शिक्का पुसट दिसतोय, मला तो आवक क्रमांक वाटतो. तसं असेल तर निवेदन खात्यात निदान नोंदलं गेलंय, आणि मग माहिती अधिकारात त्या क्रमांकावर पुढे काय झालं, फाईल कोणत्या टेबलावर आहे, प्रस्ताव सादर झाला की दप्तरी दाखल केला, म्हणजे बंद करून ठेवला, एवढं विचारता येईल. अर्ज मी लिहून देते, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. पण आधी उजेडात धरून तो शिक्का नीट वाचा आणि पुन्हा फोटो पाठवा. शेवटचे दोन आकडे 17 आहेत की 71, मला कळत नाहीये.